साबुदाण्याची रखवाली

आषाढी तोंडावर आली की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील साबुदाण्याच्या भावाची चर्चा यथासांग होते आणि तेजीचे खापर साठेबाजाच्या माथी फोडून आपण नंदवाळच्या दिंडीला मोकळे होतो. परंतु तमिळनाडूतील ज्या सेलमच्या मुलखातून हा साबुदाणा आपल्या फराळाच्या ताटात उतरतो, तेथील साबुकंदाच्या रानांची रखवाली दोन मिलिमीटरांहूनही लहान अशा एका गांधीलमाशीकडे सोपविलेली आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

साबुकंदावरील पिठ्या ढेकूण हिंदुस्थानात प्रथम आढळला तो २०२० साली, केरळातील त्रिशूरला. तेथून तमिळनाडूत शिरण्यास त्याला कोणाचा दाखला लागला नाही. या किडीची मादी नराच्या साहाय्यावाचून प्रसवते, त्यामुळे एकच जीव परमुलखात पोहोचला तरी वंशविस्तारास तेवढा पुरतो. तिने शेंड्याचा रस शोषला की पेरी आखडतात, पाने गोळा होऊन झुपका बनतो. आणि अंगावरील मेणचट पांढऱ्या आवरणामुळे फवाऱ्याचे औषध तिच्यापर्यंत नीटसे पोहोचत नाही.

हीच कीड १९७३ च्या सुमारास आफ्रिकेत उतरली, तेव्हा ज्या कंदावर कोट्यवधींचे पोट चालत होते तोच धोक्यात आला. हान्स हेरेन या स्विस कीटकशास्त्रज्ञाने त्या वेळी धरलेला मार्ग मला एखाद्या जुन्या फौजदाराच्या तपासासारखा वाटतो : गुन्हेगाराचे मूळ गाव काढावे, त्याचा वैरी तेथेच भेटेल. दक्षिण अमेरिका धुंडाळल्यावर १९८१ साली पॅराग्वेत ती कीड व तिचा वैरी, दोन्ही हाती लागली. ‘अनागायरस लोपेझी’ ही ती गांधीलमाशी ढेकणाच्या देहातच अंडे घालते. आतील अळी त्याला पोखरून वाढते आणि मागे उरते ती वाळलेली टरफलवजा काया. ही माशी आफ्रिकेत सोडून किडीला आवर घालण्याच्या कामगिरीबद्दल हेरेन यांना १९९५ चे जागतिक अन्न पारितोषिक लाभले. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने हीच माशी बेनिनहून आणविली आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येथापूर येथे तिला रानात मोकळे सोडले.

कोल्हापूरकराला हे सारे नवलाचे वाटू नये. २००२ साली सांगलीकडून आलेल्या लोकरी माव्याने आपले उसाचे फड पांढरे आणि मागाहून काजळीने काळे केले, तेव्हा पहिल्या घबराटीत जो तो पंप घेऊन धावला. पण पुरुषभर उंचीच्या फडात फवारा पोहोचेना आणि जेथे पोहोचला तेथे माव्याबरोबर त्याला खाणारेही मेले. अखेर उपयोगी पडले ते माव्याचे भक्षकच : कोनोबाथ्राची अळी आणि मायक्रोमस. त्यांनी भरलेली पाने एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात नेऊन बांधणारे शेतकरी कोणत्याही प्रयोगशाळेचे मानकरी नव्हते.

आपल्या सरकारी दफ्तरात मात्र विषारी औषधाच्या परवान्याला जी तत्परता लाभते, ती मित्रकीटकाच्या पैदाशीला लाभत नाही. त्याची तजवीज संकट दारात उभे राहिल्यावरच होते, कारण मित्रकीटक एकदा स्थिरावला की पुन्हा विकत घ्यावा लागत नाही आणि जे पुन्हा विकले जात नाही, त्याची जाहिरात कोण करणार? तोवर शेतकऱ्याने निदान एवढे करावे : पंप खांद्यावर घेण्यापूर्वी उसाचे पान उलटून पाहावे. जेथे मावा दाटला आहे, तेथे त्याला खाणारी अळी एव्हाना कामाला लागलेली असण्याचा संभव आहे.