एकच चार्जर, वेगवेगळ्या आकारांचे घट

टीव्हीचा रिमोट, मुलांचे खेळणे, कॅमेऱ्याचा फ्लॅश, टॉर्च, प्रयोगशाळेतला मल्टिमीटर: प्रत्येकाला वेगळ्या आकाराचा सेल लागतो. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरायचे ठरवले तर घरात चार्जर मात्र बहुधा एकच असतो, आणि दुकानदार ‘सगळ्या सेलना चालतो’ एवढेच सांगतो. हे विधान कितपत खरे आहे, हे या पाठात पाहू. त्यासाठी विद्युतधारा, विद्युतप्रभार आणि विभवांतर या तीन राशींमधला फरक स्पष्ट असला म्हणजे पुरे.

प्रथम शब्दांविषयी. एका सुट्या एककाला आपण ‘घट’ म्हणू. अनेक घट एकत्र जोडले की ‘बॅटरी’ होते. बाजारात ज्याला पेन्सिल सेल म्हणतात तो ‘डबल ए’ आकाराचा घट होय: व्यास १४.५ मिलिमीटर, लांबी ५०.५ मिलिमीटर. रिमोटमधला त्याहून बारीक तो ‘ट्रिपल ए’: व्यास १०.५, लांबी ४४.५. जुन्या मोठ्या टॉर्चमधला जाडजूड घट तो ‘डी’. घरगुती चार्जर ज्यांच्यासाठी असतो ते बहुतेक घट निकेल-मेटल हायड्राइड जातीचे असतात आणि या पाठातले आकडे त्या जातीचे आहेत.

आकार बदलला तरी व्होल्ट तेच

घटाचे विभवांतर त्यातील रासायनिक द्रव्यांवर अवलंबून असते, आकारावर नाही. म्हणून निकेल-मेटल हायड्राइडचा ट्रिपल ए असो वा डी, त्यावर १.२ व्होल्टच छापलेले असते. आकारानुसार बदलते ती क्षमता, म्हणजे त्यात मावणारा विद्युतप्रभार. ती मिलिअँपिअर-तासात देतात. चांगल्या डबल ए घटाची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास असते, तर ट्रिपल एची ८००च्या आसपास.

नळाखाली हंडा ठेवला काय किंवा तांब्या ठेवला काय, नळाची धार तीच राहते. तांब्या लवकर भरतो, आणि नळ बंद केला नाही तर पाणी वाहून जाते. साधा चार्जर हा असा नळ आहे: तो ठरावीक धारा देतो. फरक इतकाच की घटातून ‘वाहून गेलेले पाणी’ बाहेर पडत नाही, त्याची आतच उष्णता होते.

धारा घटाच्या मानाने किती मोठी आहे हे सांगण्यासाठी ‘सी-दर’ वापरतात. क्षमतेच्या आकड्याएवढी धारा म्हणजे १ सी. म्हणजेच २०० मिलिअँपिअर ही धारा २०००च्या डबल एसाठी ०.१ सी झाली, पण ८००च्या ट्रिपल एसाठी तीच ०.२५ सी झाली. चार्जर तोच, धारा तीच, घटावरचा ताण मात्र अडीच पट.

घट भरल्यावर आत काय होते

भारण चालू असताना धन अग्रावरील निकेल हायड्रॉक्साइडचे निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड होते आणि ऋण अग्रावरील मिश्रधातू हायड्रोजन शोषून घेतो. धन अग्रावरील द्रव्य संपत आले की येणाऱ्या धारेला तिथे करण्यासारखे काम उरत नाही, आणि विद्युत अपघट्यातून ऑक्सिजन सुटू लागतो. घट बनवताना ऋण अग्राची क्षमता मुद्दाम जास्त ठेवलेली असते. त्यामुळे हा ऑक्सिजन पलीकडे जाऊन तिथे पुन्हा संयोग पावतो. ही फार हुशारीची रचना आहे, कारण तिच्यामुळेच घट बंदिस्त ठेवता येतो. पण या पुनर्संयोगातून उष्णता निघते. दर ०.१ सी असेल तर ऑक्सिजन सुटण्याचा आणि शोषला जाण्याचा वेग जुळतो, घट फक्त कोमट होतो. दर वाढला की तापमान आणि दाब दोन्ही चढतात. दाब फार वाढला तर टोकाजवळची सुरक्षा-झडप उघडू शकते. तेवढा वायू आणि ओलावा कायमचा गेला. घट पुढे वापरता आला तरी त्याची क्षमता घटते.

आता आकडेमोड करू. भारणात काही प्रभार वाया जातो, म्हणून ०.१ सी दराने रिकामा घट भरण्यासाठी १० नव्हे, सुमारे १५ ते १६ तास लागतात. समजा, एका विद्यार्थ्याने २०० मिलिअँपिअरचा साधा चार्जर संध्याकाळी लावला आणि डबल एच्या हिशेबाने १५ तासांनी काढला, पण खाच्यात ट्रिपल ए होते. त्या घटातून ३००० मिलिअँपिअर-तास प्रभार गेला. वाया जाणारा भाग धरूनही त्याला १२०० पुरले असते. उरलेले १८००, म्हणजे सलग ९ तास, १.४ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, सुमारे ०.२८ वॅट उष्णता. आकडा लहान वाटतो. पण डबल एचा पृष्ठभाग साधारण २६ चौरस सेंटिमीटर, तर ट्रिपल एचा १६. उष्णता बाहेर टाकायला जागाच कमी.

म्हणून चार्जरच्या पाठीमागचे बारीक अक्षरांतले लेबल वाचावे. बऱ्यापैकी चार्जरवर दोन्ही आकारांसाठी धारा वेगवेगळी दिलेली असते. काही चार्जरमध्ये ट्रिपल ए घट वेगळ्या पायरीवर टेकतो आणि तिथला संपर्क वेगळ्या, मोठ्या रोधाला जोडलेला असतो. आकार ओळखण्याची ही साधी यांत्रिक युक्ती आहे. लेबलवर एकच आकडा असेल तर वेळेचे भान आपणच ठेवायचे.

थांबायचे कधी

स्वस्त चार्जर थांबतच नाही, किंवा टायमरने थांबतो. टायमरची आपल्याकडची अडचण भारनियमनाची आहे. बहुतेक साध्या टायमर-चार्जरमध्ये वीज गेली की मोजलेला वेळ पुसला जातो आणि वीज आल्यावर तो शून्यापासून सुरू होतो. दहा तास भरलेला घट पुन्हा पूर्ण मुदतभर चार्ज होतो. अर्धवट वापरलेला घट लावला तरी तेच.

याहून चांगले चार्जर घटाच्या विभवांतरावर नजर ठेवतात. घट पूर्ण भरला की तो तापतो, आणि तापल्यामुळे त्याचे विभवांतर वाढण्याऐवजी किंचित उतरते, प्रत्येक घटामागे ५ ते १० मिलिव्होल्ट इतके. हा उतार दिसताच चार्जर थांबतो. मात्र हा उतार नीट दिसण्यासाठी धारा पुरेशी मोठी, साधारण अर्ध्या सीच्या पुढे, असावी लागते. त्यामुळे ‘जितके हळू चार्ज कराल तितके चांगले’ हा घरोघरचा सल्ला इथे सरसकट लागू पडत नाही. फार हळू भरले तर हुशार चार्जरला ती खूणच सापडत नाही.

जोडीचा प्रश्न

ज्या चार्जरमध्ये घट दोन-दोनच लावावे लागतात, तिथे ते दोन एकसर जोडणीत असतात. दोघांतून धारा एकच वाहते. त्यांतला एक नवा २०००चा आणि दुसरा जुना १३००वर आलेला असेल, तर जुना आधी भरतो आणि नवा भरेपर्यंत तापत राहतो. म्हणजे आधीच अशक्त असलेला आणखी झिजतो. आकारांची सरमिसळ केली तर परिणाम आणखी वाईट. वापरतानाही तीच गोष्ट: तीन घटांच्या टॉर्चमध्ये अशक्त घट आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोघे त्याच्यातून उलट्या दिशेने विभवांतर लादतात. एकदा ध्रुवता उलटलेला घट क्वचितच पूर्ववत होतो. यावर सोपा उपाय म्हणजे एकत्र घेतलेल्या घटांवर मार्करने अ, ब अशी खूण करून ते कायम एकत्रच वापरणे. प्रत्येक खाचा स्वतंत्र असलेला चार्जर थोडा महाग पडतो, पण माझ्या मते पहिला जादा खर्च करायचा तो इथेच.

मोठे घट आणि चौकोनी बॅटरी

डी घटाचे घनफळ डबल एच्या जवळजवळ सात पट असते. म्हणून खऱ्या डी घटाची क्षमता ८,००० ते १०,००० मिलिअँपिअर-तास असते, आणि २०० मिलिअँपिअरने तो भरायला तीन दिवस लागतात! पण ‘डी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही घटांवर फक्त २५०० लिहिलेले असते. तो बहुधा मोठ्या डब्यात बसवलेला डबल ए असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहा: डबल ए साधारण ३० ग्रॅमच्या आत भरतो, तर १०,०००चा डी १५० ग्रॅमच्या पुढे.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी म्हणजे सहा किंवा सात छोटे घट एकसर जोडलेले, प्रत्यक्षात ७.२ किंवा ८.४ व्होल्ट. क्षमता २००च्या आसपास, म्हणून तिला २० मिलिअँपिअर पुरतात. चार्जरवर तिची जागा वेगळी असते ती याचसाठी.

आकार जुळला तरी जात वेगळी

खरा धोका इथे आहे. ‘१४५००’ नावाचा लिथियम-आयन घट १४ मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर लांब असतो. तो पेन्सिल सेलच्या खाच्यात बरोबर बसतो, पण त्याचे विभवांतर ३.७ व्होल्ट असते आणि भारण ४.२ व्होल्टवर काटेकोर थांबवावे लागते. त्यापुढे रेटले तर आग लागू शकते. निकेलचा चार्जर ज्या उताराची वाट पाहतो, तो लिथियममध्ये येत नाही. उलट, लिथियमच्या चार्जरमध्ये निकेलचा घट टाकला तर तो ४.२ व्होल्टपर्यंत कधीच पोचत नाही. चांगला चार्जर असा घट नाकारतो. प्रत्येक चार्जर नाकारेलच असे नाही. साधे अल्कलाइन आणि झिंक-कार्बन सेल तर कोणत्याच घरगुती चार्जरमध्ये घालू नयेत: ते गळतात, फुटूही शकतात.

तापमानाचेही पाहावे. भोवतालची हवा गरम असेल तर ऑक्सिजन लवकर सुटू लागतो आणि घट पूर्ण भरत नाही. मे महिन्यात विदर्भात किंवा राजस्थानात दुपारी खिडकीत चार्जर लावण्यापेक्षा पहाटे, फरशीवर, जवळ कागद-कपडे नसताना लावावा. निकामी घट कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते वेगळे द्यावे लागतात.

स्वाध्याय

१. चार्जरच्या लेबलवर डबल एसाठी २५० आणि ट्रिपल एसाठी १०० मिलिअँपिअर लिहिले आहे. २००० आणि ८००च्या घटांसाठी सी-दर आणि अंदाजे वेळ काढा.

२. वरच्या मापांवरून डबल ए आणि ट्रिपल ए यांच्या घनफळांचे गुणोत्तर काढा. ते क्षमतांच्या गुणोत्तरापेक्षा कमी का येते? (धातूच्या आवरणाची जाडी दोन्हींत जवळपास सारखीच असते, हे ध्यानात घ्या.)