रानभाजी : ओळख पटली तरच चुलीवर



पावसाळा लागला की माहूरच्या डोंगरात, पैनगंगेच्या काठाला, ओढ्याच्या ओलीत तरोटा, कुर्डू, केना, घोळ, करटुली उगवतात. मजुरीच्या घरात पैसा न मोडता ताटात भाजी येते. पण त्यांच्या शेजारीच विषारी झाडंही वाढतात. म्हणून एकटीने ओळखू नका, चौघींनी मिळून ओळखा.

तरोट्याच्या एका देठावर पानांच्या ३ जोड्या असतात. पान टोकाला रुंद, गोलसर. त्याच्यासारखाच दिसतो कासविंदा. त्याच्या ४-५ जोड्या, पान टोकदार. कासविंद्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला पडतो.

कळलावीचं फूल लाल-पिवळं, ज्वाळेसारखं. पानाचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं वळतं. तिचा कंद रताळं समजून खाल्ला जातो; तो जीवघेणा आहे. बाळंतकळा याव्यात म्हणून पूर्वी तो वापरत, नावही त्यावरूनच पडलं. आज कोणी सुचवलं तरी साफ नाही म्हणा. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया आणि धोतऱ्याची बोंडं मुलांच्या हाती लागू देऊ नका.

कापूस-सोयाबीनच्या बांधावर तणनाशक मारलं असेल, तर तिथली ओळखीची भाजीसुद्धा खुडू नका.

वर्षावासात विहारात आपण जमतोच. एका रविवारी जाणत्या आज्यांना आणि शेजारच्या गोंड, कोलाम मावश्यांना सोबत घेऊन रानात फिरा. पान, फूल, शेंग, वास अशा चार खुणा पाहा. वहीत पान चिकटवून खाली नाव लिहा, विषारीवर लाल फुली मारा. पोरींना दाखवा. एकीलाही शंका आली, तर ती भाजी टाकून द्या.

आणि खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, गुंगी, बडबड सुरू झाली तर? मीठपाणी पाजून उलटी काढू नका. लगेच १०८ ला फोन करा. उरलेली भाजी, पान किंवा बी दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरूनच विष कळतं. कळलावीचा त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून खाल्ल्याचं कळताच निघा, त्रासाची वाट पाहू नका.