डोंगरउताराची माती

छत्तीसगडमधील भिलाई हे नगर पोलादाच्या कारखान्यामुळे देशभर प्रसिद्ध झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या भट्टीला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आणि चुनखडी जवळच्याच नंदिनी येथील खाणीतून येऊ लागली. भिलाई स्वतः सपाट मैदानात वसलेली आहे. तेथून दल्ली-राजहऱ्याकडे जाऊ लागले की सखल भागातील भाताची बांधबंदिस्त खाचरे हळूहळू मागे पडतात आणि तांबूस, खडेमिश्रित, उंचसखल जमीन दिसू लागते. पाऊस तोच, ऊन तेच. तरीही माती इतकी का बदलते? या प्रश्नाचे उत्तर उतारात दडलेले आहे.

एकाच उताराची चार नावे

छत्तीसगडमधील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीची चार प्रकारांत विभागणी पिढ्यान्‌पिढ्या केलेली आहे. सर्वांत उंचावरील मुरमाड, तांबडी व उथळ जमीन म्हणजे ‘भाटा’. त्याखालची पिवळसर, हलकी जमीन म्हणजे ‘मटासी’. आणखी खाली मध्यम प्रतीची ‘डोरसा’ आणि अगदी सखल भागात खोल, काळी, चिकण ‘कन्हार’. महाराष्ट्रातील शेतकरीही बरड, मुरमाड, मध्यम आणि काळी असा भेद करतो. कोकणात डोंगरउतारावरील हलक्या जमिनीस ‘वरकस’ म्हणतात.

विशेष म्हणजे शास्त्रज्ञांनाही पुढे हाच क्रम आढळला. जॉफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेतील टेकड्यांचा अभ्यास करून असे दाखविले, की माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या मृदा एखाद्या साखळीच्या कड्यांप्रमाणे परस्परांशी जोडलेल्या असतात. वरच्या कडीतून जे वाहून जाते, ते खालच्या कडीत साठते. भाटा आणि कन्हार यांचे नातेही असेच आहे.

उतारावरची माती खडकाळ का?

माती खडकापासून तयार होते. ऊन, पाऊस, हवा आणि वनस्पतींची मुळे यांच्यामुळे खडक फुटतो, झिजतो आणि त्याचा भुगा होतो. सपाट जागी हा भुगा जेथल्या तेथे राहतो आणि त्याचा थर जाड होत जातो. उतारावर मात्र दोन शक्ती सतत काम करीत असतात. एक गुरुत्वाकर्षण आणि दुसरी वाहते पाणी. पाण्याचा ओघ बारीक कण सहज उचलतो. जड खडे व दगड जागेवर राहतात. अशा रीतीने वर्षानुवर्षे चाळणी होत राहते आणि उतारावर जाडाभरडा भाग अधिक उरतो. कडा झिजलेल्या नसल्यामुळे यातील दगड बहुधा टोकदार असतात. नदीतील गोट्यांप्रमाणे ते लांबून घरंगळत आलेले नसतात.

मातीच्या कणांना त्यांच्या आकारावरून नावे दिली जातात. २ मिलिमीटरपेक्षा मोठे ते खडे, त्याहून लहान ती वाळू, त्याहून बारीक तो पोयटा आणि ०.००२ मिलिमीटरपेक्षाही सूक्ष्म कण म्हणजे चिकणमाती. डोंगरउतारावरील मृदेत पहिल्या दोन प्रकारांचे प्रमाण जास्त असते, तर कन्हारमध्ये शेवटच्या प्रकाराचे.

निचरा म्हणजे काय?

मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. मोठ्या पोकळ्यांतून पाणी आपल्याच भाराने खाली उतरते आणि त्यांत पुन्हा हवा शिरते. सूक्ष्म पोकळ्यांत मात्र पाणी धरून ठेवले जाते. पावसानंतर साधारण एक-दोन दिवसांत जास्तीचे पाणी उतरून गेले आणि मुळांना हवा मिळू लागली, तर त्या जमिनीचा निचरा चांगला आहे असे म्हणतात. खडेमिश्रित मृदेत मोठ्या पोकळ्या अधिक असतात. शिवाय खालचा खडक भेगाळलेला असेल, तर पाण्याला पुढेही वाट मिळते. उतारामुळे ते एका जागी साचतही नाही.

निचऱ्याचा उपयोग मोठा आहे. वनस्पतींची मुळेही श्वसन करतात. पाणी तुंबून राहिले की हवा कोंडते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. म्हणूनच पाणथळ जमीन न सोसणारी चहाची झुडपे दार्जिलिंगच्या उतारांवर जोमाने वाढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हापूस आणि काजू यांच्या बागाही जांभ्या दगडाच्या उतारांवर बहरतात. याउलट भाताला पाण्यात उभे राहणे मानवते. त्याच्या मुळांपर्यंत हवा पोचविणाऱ्या पोकळ नलिका त्याच्या देहातच असतात. भाताचे घर सखल खाचरात का, हे यावरून कळते.

गुण आणि उणिवा

जो गुण तोच दोष, असे या मृदेच्या बाबतीत घडते. पाण्याबरोबर नत्रासारखी विरघळणारी पोषकद्रव्येही निघून जातात. चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा कमी असल्यामुळे उरलेली द्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती अल्प असते. थर उथळ असतो. काही ठिकाणी वीतभर खोदले की कातळ लागतो. भाटा जमीन बहुधा आम्लधर्मी असते. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, तर कन्हारमधील पीक तग धरते. भाटावरील पीक मात्र माना टाकते.

तरीही या जमिनीवर उगवणारे पुष्कळ असते. कोदो आणि कुटकी ही भरडधान्ये थोड्या ओलाव्यावर, थोड्या खतावर येतात. तीळ, कुळीथ, कारळे आणि तूर यांनाही पाणी साचलेले चालत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर नाचणी आणि वरई यांनी हीच जागा घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष’ म्हणून साजरे केले, तेव्हा गरिबाचे अन्न म्हणून दुर्लक्षिलेल्या या धान्यांकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. जंगलातील साळई आणि कांडोळ हे वृक्ष तर खडकाच्या भेगांत मुळे रोवून उभे राहतात.

पडीक म्हणजे निरुपयोगी नव्हे

भात पिकत नाही म्हणून भाटा जमिनीला ‘पडीक’ ठरविण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. रस्त्यासाठी मुरूम हवा, भरावासाठी माती हवी, की पहिली कुदळ येथेच पडते. परंतु या जमिनीचे एक काम डोळ्यांना दिसत नाही. एक एकर क्षेत्रावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे दोन लाख लिटर पाणी जमा होते. उतारावर गवत आणि झाडे असतील, तर त्यांतील बराच भाग खड्यांच्या पोकळ्यांतून मुरतो आणि पायथ्याच्या विहिरींना महिनोन्‌महिने पुरतो. आच्छादन नष्ट झाले, की थेंबांचा मारा उघड्या मातीवर बसतो, वरच्या पोकळ्या बुजतात आणि तेच पाणी माती घेऊन धावू लागते. एक सेंटिमीटर जाडीचा थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो वाहून जाण्यास काही पावसाळेही पुरतात. वरचे शिवार उघडे पडते आणि खालच्या तळ्यात गाळ भरतो. नुकसान दोन्ही ठिकाणी होते.

निचऱ्यालाही मर्यादा असते, हे विसरून चालत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा आत शिरणारे पाणी जास्त झाले, तर सर्व पोकळ्या भरतात, माती जड होते आणि तिची पकड सुटते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगराचा भाग कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवरही असाच घाला पडला. तीव्र उताराच्या जमिनीला नवी भेग पडणे, झाडे व खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे या खुणा दिसताच वस्तीने तेथून हलणे आवश्यक असते.

उताराची राखण

उतारावरील माती जागेवर ठेवण्याचे उपाय साधे आहेत. नांगरट उताराला आडवी करावी. समान उंचीच्या रेषेवर चर खणावेत, म्हणजे धावणारे पाणी थबकते आणि मुरते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर असे चर खणून, झाडे लावून आणि चराईबंदी पाळून आपल्या विहिरींचे पाणी वाढविले. शेतातील दगड वेचून त्यांचे बांध घालावेत. शेणखत व पालापाचोळा मिसळावा, म्हणजे ओल धरली जाते. अतितीव्र उतार मात्र नांगराखाली न आणता गवताला आणि झाडांना सोडावा. खाणकाम करावयाचे असल्यास वरचा मातीचा थर आधी काढून वेगळा राखावा आणि काम संपल्यावर तो पुन्हा पसरावा. कारण खनिजाबरोबर निघालेल्या दगडांच्या ढिगावर झाड सहजासहजी रुजत नाही.

आपल्या जमिनीचा निचरा कसा आहे, हे कोणालाही पाहता येते. हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते मुरल्यावर पुन्हा भरावा आणि वेळ मोजावा. पाणी काही तासांत उतरले तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले तर तो अपुरा समजावा. मग कोणत्या शेतात भात लावावा, कोठे कोदो पेरावा आणि कोणता उतार झाडांसाठी राखावा, हे ठरविणे सोपे जाते. माथ्यावरच्या खडकाळ जमिनीची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढाच पायथ्याच्या विहिरीला आणि शेताला तिचा लाभ होतो.