शाईपेन आणि आपलं फ्लुइड मेकॅनिक्स

सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच सीन. रात्रीचे दोन वाजलेत, समोर मित्राचं जर्नल ‘रेफरन्स’साठी उघडं (कळलं ना!), आणि दर पानानंतर पेन खाली ठेवून बोटं मोडणारी जनता. दोष जर्नलचा आहेच, पण थोडा बॉलपेनचाही आहे.

बॉलपेनची शाई म्हणजे जवळजवळ पेस्टच. टोकाची बारीक गोळी कागदावर दाबून फिरवली तरच ती उतरते. म्हणजे पानभर आपण लिहितो कमी आणि दाबतो जास्त. शाईपेनाला दाब लागत नाही, निब टेकली की पुरे.

आम्ही कॉन्व्हेंटवाले. पाचवीपासून शाईपेन कंपल्सरी, बॉलपेन दिसलं की सिस्टर काढून घ्यायच्या. तेव्हा राग यायचा! अकरावीत ते पेन ड्रॉवरमध्ये गेलं, ते परवाच्या दिवाळीत सापडलं. आता माझं सगळं टर्मवर्क त्यानेच चाललंय, आणि बोटं शाबूत आहेत.

गंमत म्हणजे कॅपिलरी राइजची गणितं आपण घोकतो, पण ती खिशातच असतात हे कुणी सांगत नाही. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण ३० मिलिमीटर चढतं. व्यास दहापट कमी केला की दहापट वर. निबची चीर तर केसासारखी बारीक. म्हणून शाई खाली सांडत नाही, चिरेत धरून राहते. कागदाच्या तंतूंमधल्या फटीही तशाच बारीक, त्या टेकल्या की शाई ओढून घेतात.

पण शाई गेली की तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आतला दाब कमी होऊन पेन अडतं. हवा भसकन शिरली तर डाग. हा हिशोब सांभाळतो निबखालचा काळा, खाचांचा तुकडा, म्हणजे फीड. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनला १८८४ साली पेटंट मिळालं ते अशाच फीडचं : बारीक खाचांतून शाई खाली आणि हवा वर. हल्लीच्या फीडला आडव्या खाचाही असतात, त्या जादा शाई साठवतात. माझ्या मते हा तुकडा मेकॅनिकलच्या सिलॅबसमध्ये हवा!

आता रूममेटचा लाडका आक्षेप : ‘शाईपेन गळतं.’ गळतं, पण उगाच नाही. ड्रॉपरने भरायच्या पेनात अख्खी नळी हीच टाकी. शाई निम्म्याखाली गेली की उरलेल्या जागेत हवा. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते (चार्ल्सचा नियम, अकरावी) आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून पेन निम्मं झालं की भरून टाकायचं, आणि खिशात निब वर ठेवायची. तरीही पांढऱ्या शर्टाची गॅरंटी मी देत नाही.

जर्नलचा कागद हलका असेल तर शाई फुटते, तिथे बारीक निबच घ्या. साधी निळी शाई पाण्याने पसरते, तेव्हा पावसाळ्यात जर्नल प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच न्या.

आणि घरी जुनं पेन सुकून पडलं असेल तर फेकू नका. निब रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाणी नको, प्लॅस्टिकचं फीड वाकडं होतं. सकाळी पाणी निळं झालेलं दिसलं की समजा, पेन जिवंत आहे.