लेन्स नवी की जुनी? आधी टॉर्च लावा!

कॉलेजच्या फोटोग्राफी ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हा मेसेज पडतोच, "सेकंडहँड लेन्स घेऊ का? भारी डील मिळतेय." पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपचे दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, "डोळे झाकून घे, काचेला काय होतंय?" दुसरा म्हणतो, "वेडा आहेस का? नवीच घे, वॉरंटी तरी मिळेल." घरी विचारावं तर तिथेही तेच. आईच्या मते वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याची कटकट विकत घेणं. मामाच्या मते बाईक असो की कॅमेरा, दुकानाबाहेर पडला की त्याची किंमत उतरतेच, मग पहिला मालक आपण कशाला व्हायचं?

गंमत म्हणजे आई आणि मामा, दोघंही बरोबर आहेत. फक्त प्रत्येक लेन्सच्या बाबतीत नाहीत. कुठे आईचं ऐकायचं आणि कुठे मामाचं, हे मला सात हजार रुपये घालवून कळलं. तुम्हाला फुकटात सांगते.

सात हजारांचं धुकं

एसवायला होते. शेजारच्या बाळाचं बारसं आणि दोन वाढदिवस शूट करून पैसे साठवले होते. पहिली कमाई. गणपती जवळ आले होते आणि मला विसर्जनाचे फोटो लांबून टिपायला ५५-२५० ची झूम लेन्स हवी होती. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर ती सात हजारांना दिसली. संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर विकणाऱ्याला भेटले. बॉक्स चकाचक, लेन्सवर एक ओरखडा नाही. तिथल्याच उजेडात दोन फोटो काढून बघितले, ठीक वाटले, पैसे दिले.

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर पहाटेपर्यंत उभी होते. घरी येऊन फोटो बघितले तर प्रत्येक दिव्याभोवती पांढुरका धूर, चेहरे धुतल्यासारखे फिके. मला वाटलं, माझंच सेटिंग चुकलं. कॉलेजच्या अंकासाठी ते फोटो घेऊन गेले तेव्हा सरांनी विचारलं, "काय गं, चौपाटीवर धुकं होतं का?" एकही फोटो छापून आला नाही.

शेवटी फोर्टमधल्या बोरा बझारमध्ये कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी दोन्ही बाजूंची झाकणं काढली, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि म्हणाले, "बघ." आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. फंगस. तेही मधल्या काचेवर. साफ करायला अख्खी लेन्स उघडावी लागणार, आणि काचेवरचा थर आधीच खाल्ला गेला असेल तर तो परत येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. विकणाऱ्याचा फोन लागेना. वरून कीर्तन, आतून तमाशा!

यातून "जुनं कधीच घेऊ नये" असा धडा मी घेतला असता तर तोही चुकलाच असता. कारण आज माझ्या कॅमेऱ्यावर जी ५० एमएम लेन्स असते, तीही सेकंडहँडच आहे. एका सीनियरकडून घेतली, आणि तिने मला एकदाही दगा दिलेला नाही. फरक एवढाच, की ती घेताना मी टॉर्च लावला होता.

काच टिकते, बाकीचं झिजतं

कॅमेऱ्याची बॉडी लवकर जुनी होते. दर काही वर्षांनी नवा सेन्सर, नवा प्रोसेसर येतो. लेन्सचं तसं नाही. नीट ठेवलेली काच वीस वर्षांनीही तितकाच स्वच्छ फोटो देते. निकॉनचं एफ माउंट १९५९ मध्ये आलं, कॅननचं ईएफ १९८७ मध्ये. त्यामुळे या माउंटच्या जुन्या लेन्सचा साठा प्रचंड आहे. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी नवी माउंट आणली, कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड. तेव्हापासून अनेक जण मिररलेसकडे वळताना आपल्या डीएसएलआरच्या लेन्स विकून टाकतायत. तुमच्याकडे डीएसएलआर असेल तर सेकंडहँड बाजार तुमच्यासाठीच आहे.

पण लेन्स म्हणजे नुसती काच नाही. आत फोकसची मोटर असते, ॲपर्चरच्या पात्या असतात, काहींमध्ये हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा असते. हे सगळं झिजतं, अडकतं, पडलं तर सरकतं. म्हणून साधा हिशेब असा, की आत हलणाऱ्या भानगडी जितक्या कमी, तितकी ती लेन्स जुनी घ्यायला सुरक्षित. ५० एमएमसारखी प्राइम लेन्स जुनी घेताना धोका कमी. स्टॅबिलायझर आणि मोटर असलेली मोठी झूम घेताना जास्त.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की बघा, ती लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर पूर्ण चालते का? निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी ही जुनी लेन्स स्वस्तात मिळते, पण तिच्यात स्वतःची फोकस मोटर नाही. डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीतही ती मोटर नसते. म्हणजे लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने फिरवत बसा! कॅननची ईएफ लेन्स ॲडॉप्टर लावून आरएफ माउंटच्या मिररलेसवर चालते. उलटं मात्र होत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

आपल्याकडचा खरा व्हिलन

फंगस म्हणजे बुरशी. पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यावर येते तीच जातकुळी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. दमट हवा, अंधार आणि न हलणारी वस्तू मिळाली की ती वाढते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की तिचं फावतं, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. काचेवरची धूळ, बोटांचं तेल यावर ती पोसली जाते आणि तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा थर खातं.

त्यामुळे "फार वापरली नाही, कपाटातच होती" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर सावध व्हा. आपल्या हवेत वर्षभर कपाटात, त्यातही चामड्याच्या केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्सपेक्षा रोज बाहेर पडणारी, थोडी घासलेली लेन्स पुष्कळदा बरी निघते.

बघायला जाताना

आपण कलिंगडही वाजवून घेतो, मग लेन्स का नाही? दिवसाउजेडी, गर्दीच्या जागी भेटा. स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं मेमरी कार्ड न्या. मग घाई न करता हे करा.

आधी टॉर्च. दोन्ही झाकणं काढा, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे चार-दोन कण असतील तर हरकत नाही, फोटोत ते दिसत नाहीत. मुळांसारखे धागे, जाळं किंवा दुधाळ पडदा दिसला तर नमस्कार करून निघा. "साफ करून घेता येतं" असं कुणी म्हणालं तर म्हणा, "मग करून ठेवा, मी पुढच्या आठवड्यात येते."

मग अंगावरच्या खुणा. फिल्टर लावायच्या कडेला पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर ती कुणीतरी उघडलेली आहे. दोन्ही वाईटच असं नाही, पण का आणि केव्हा, हे विचारा. झूम खाली धरल्यावर आपोआप लांब होत असेल तर ती बरीच वापरलेली आहे.

त्यानंतर कॅमेऱ्यावर लावा. एकदा जवळच्या, एकदा लांबच्या वस्तूवर, असं दहा वेळा फोकस करा. अडखळते का? घरघरते का? मग ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून एकाच दृश्याचे फोटो सगळ्यात मोठ्या ॲपर्चरपासून एफ १६ पर्यंत काढा. सगळे सारख्याच उजेडाचे यायला हवेत. एफ १६ चा फोटो जास्त उजळ आला तर पात्या अडकतायत. समोरच्या विटांच्या भिंतीचा किंवा पोस्टरचा सरळ उभं राहून फोटो काढा. एकच बाजू धूसर असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. शेवटी एक फोटो उजेडाकडे तोंड करून, बल्ब किंवा खिडकी फ्रेममध्ये घेऊन काढा. दादरला मी हा एक फोटो काढला असता तर माझे सात हजार वाचले असते.

आणि हो, बिल मागा. बिलावरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर जुळतो का बघा. चोरीची वस्तू आपल्या बॅगेत नको. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. सगळं तपासून होईपर्यंत ॲडव्हान्स एक रुपयाही नाही.

मग नवी कधी घ्यायची?

मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारते.

पहिला, नव्या-जुन्यात फरक किती? समजा नवी लेन्स नऊ हजारांना आहे आणि जुनी आठला. एका हजारासाठी वॉरंटी सोडण्यात अर्थ नाही. इथे आईचं ऐका. जुनी पाच हजारांना असेल तर मात्र मामा जिंकला. माझा नियम असा, की किमतीच्या पावभागापेक्षा कमी वाचत असेल तर नवी. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएमसारखी लेन्स मुळातच स्वस्तातली. तिथे हे गणित आधी करा.

दुसरा, विकायला गेले तर काय मिळेल? समजा जुनी पाचला घेतली आणि वर्षाने साडेचारला विकली, तर वर्षभराचा खर्च पाचशे. नवी नऊला घेऊन सहाला विकली तर तीन हजार. आपण अजून काय शूट करायला आवडतं हेच शोधत असताना हा फरक मोठा आहे.

तिसरा, ती ऐनवेळी बंद पडली तर कुणाचं अडेल? फक्त माझं असेल तर जुनी चालेल. पण कुणाच्या लग्नाचे पैसे घेतले असतील तर सप्तपदी पुन्हा होत नाही. अशा कामासाठी वॉरंटी असलेली नवी, नाहीतर बॅगेत दुसरी पर्यायी लेन्स हवीच.

नवी घेतानाही एक काळजी घ्या. दुकानात "बिलाशिवाय घेतली तर स्वस्त देतो" असं म्हणतात. अशी लेन्स नवीन असते, पण तिच्यावर भारतातली कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणजे नव्याचा मुख्य फायदाच गेला. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मिळणार नसेल तर जास्तीचे पैसे कशाचे देताय?

तिसरा रस्ता

या वादात एक पर्याय राहूनच जातो. भाड्याने घ्या ना! मुंबई-पुण्यात लेन्स दिवसावर भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. घेताना लेन्सचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे जुना ओरखडा तुमच्या नावावर पडत नाही. मला ती मोठी झूम वर्षातून दोनदा लागते, विसर्जनाला आणि कॉलेज फेस्टला. मी तेव्हाच भाड्याने आणली असती तर काही शेकड्यांत काम झालं असतं आणि फोटोही छापून आले असते. एखादी लेन्स भाड्याने तीन-चार वेळा आणावी लागली, तर समजा की ती आता विकत घ्यायची वेळ आली.

आणि नवी घ्या की जुनी, घरी आल्यावर ती कपाटात कोंबू नका. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं पुरतात. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा निळे करता येतात. तांदळात मात्र ठेवू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढा, दोन फोटो काढा. आपल्या हवेत लेन्सला वापरणं हेच औषध आहे.

माझी ती सात हजारांची झूम अजून माझ्याकडे आहे. फंगस लपवून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण समोर कुणीतरी बारशाचे पैसे मोजत उभं असेल, असं वाटलं आणि ॲपवरची जाहिरात काढून टाकली. ती लेन्स वेगळ्या डब्यात ठेवलीय. कॉलेजमधल्या कुणी लेन्स घेऊ का विचारलं की आधी ती हातात देते आणि म्हणते, टॉर्च लाव.