घट्ट मूठ, दुखरे कोपर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गोल्फचे मैदान नाही. तरीही तिथल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पाना आणि हातोडा चालवणारा फिटर कोपर दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेला, तर कागदावर ‘गोल्फर्स एल्बो’ असे निदान लिहून मिळू शकते. आयुष्यात गोल्फची काठी हाती न धरलेला माणूस या नावाने बुचकळ्यात पडतो. पण खेळाडू आणि फिटर, दोघांच्या दुखण्याचे मूळ बरेचदा एकच असते : मुठीत गच्च आवळलेला दांडा.

खेळाडू दांडा का आवळतो, हे आधी पाहू. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात आणि तिच्या टोकाच्या ज्या सपाट बाजूने चेंडू मारतात, तिला फेस. पूर्वी असे शिकवले जाई, की काठी ज्या मार्गाने येते त्या दिशेने चेंडू निघतो आणि फेस वाकडा असेल तर पुढे वळतो. रडारने मोजमाप करणारी यंत्रे आल्यावर चित्र उलटे निघाले. चेंडू सुटतो तो मुख्यतः फेस ज्या दिशेला असतो तिकडे. सुटण्याच्या दिशेत फेसचा वाटा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त असतो. फेसची दिशा आणि काठीचा मार्ग यांत जी तफावत राहते, तिच्यामुळे चेंडू हवेत वळतो. सुटण्याची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तरी २०० मीटरवर चेंडू सुमारे साडेतीन मीटर बाजूला जातो. वळण्यामुळे पडणारा फरक वेगळाच.

साहजिकच नवशिक्याला वाटते, की दांडा घट्ट धरावा आणि ऐन फटक्याच्या वेळी मनगट वळवून फेस सरळ करावा. शरीराला ते जमत नाही. फेस आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरते. काठी वरून खाली यायला लागतो जेमतेम पाव सेकंद. डोळ्यांनी पाहून, मेंदूने ठरवून हाताने हालचाल करायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. म्हणजे चूक लक्षात येईपर्यंत चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो.

म्हणून फेसवरचा ताबा फटक्याच्या आधीच मिळवावा लागतो. दांडा तळव्यात न दाबता बोटांत धरायचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा हात दांड्यावर उजवीकडे जास्त वळवून ठेवला, तर फेस मिटण्याकडे कल होतो. उलट केले तर तो उघडा राहतो. कंबर आणि खांदे वळले की हात त्यांच्यामागून येतात आणि फेस आपसूक सरळ होत जातो. मूठ आवळली, की मनगट आणि हाताचा पुढचा भाग ताठरतो, फेस वेळेवर वळत नाही आणि चेंडू उजवीकडे भरकटतो. हातात जिवंत पाखरू आहे असे समजून दांडा धरा, हा गोल्फमधला जुना सल्ला त्यासाठीच आहे.

चेंबूरमध्ये १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तिथे कॅडी म्हणून खेळाडूंचे सामान वाहणाऱ्या तरुणांनी जवळच्या वस्तीत स्वतःचा गोल्फ सुरू केला. लोखंडी सळईचे टोक ठोकून, वाकवून केलेली काठी, प्लास्टिकचा चेंडू आणि मैदान म्हणून बोळ. अशा अरुंद जागेत ताकद कामाची नसते. फेस कुठे वळला आहे, यावरच सारे अवलंबून असते.

आता कोपराकडे. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. बोटे मिटणारे, मनगट आत वाकवणारे आणि तळवा खाली वळवणारे स्नायू तिथून निघतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर, म्हणजे कंडरेवर, रोज थोडा थोडा जास्त ताण पडत राहिला तर ती झिजते. उजव्या हाताने घट्ट बसलेला स्क्रू सोडवताना नेमके हेच स्नायू राबतात. जोराची पकड, तीच ती हालचाल, वाकलेले मनगट आणि यंत्राची थरथर एकत्र आली, की धोका वाढतो. चाळिशी ते साठीच्या वयात हे दुखणे जास्त दिसते. गंमत अशी, की खुद्द गोल्फ खेळणाऱ्यांत कोपराची बाहेरची बाजू दुखणे, म्हणजे ‘टेनिस एल्बो’, अधिक आढळते.

आतला उंचवटा दाबल्यावर दुखत असेल आणि वस्तू उचलताना पकड ढिली पडत असेल, तर वेळीच सावध व्हावे. आखूड पान्याऐवजी लांब दांड्याचा पाना घेतला, तर लांबी दुप्पट झाल्यावर जोर निम्माच लागतो. पान्याला पाइप अडकवणे मात्र धोक्याचे, कारण तो निसटू शकतो. हातात नीट भरेल असा जाड दांडा, सरळ मनगट, अधूनमधून हात बदलणे आणि तासाभराने दोन मिनिटे मूठ मोकळी सोडणे, एवढ्यानेही ताण हलका होतो.

दुखणे सुरू झाले असेल, तर त्या हाताचे जोराचे काम काही दिवस कमी करावे आणि दहा-पंधरा मिनिटे बर्फाचा शेक घ्यावा. बर्फ कापडात गुंडाळलेला असावा. पुढे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हलके वजन घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करता येतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही काळ बरे वाटते, पण ते कायमचे उत्तर नव्हे. कंडरा भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येणे, बधिरता, सूज किंवा कोपर सरळ न होणे अशी लक्षणे असतील, तर थांबू नये. मज्जातंतू किंवा सांध्याची तपासणी लागते.

वागळे इस्टेटमध्ये कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. तो भाग लोक ‘कामगार हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतात. तपासणीला जाताना ‘कोपर दुखते’ एवढेच न सांगता, दिवसभर हातात कोणते हत्यार असते आणि ते किती तास चालवावे लागते, हेही सांगावे. निदान त्यामुळे सोपे होते आणि कामात कोणता बदल करायचा, हेही कळते.