ओस पडलेल्या वाटांचे वारसदार

फ्रान्सच्या गावाकडच्या भागात सायकल चालवताना सगळ्यात आधी चक्रावून टाकते ती रस्त्यांची उधळपट्टी. दर दोन-तीन किलोमीटरला फाटा फुटतो, प्रत्येक फाट्यावर नीटस डांबर आणि डांबरावर चिटपाखरू नाही. आपल्याकडे इतका गुळगुळीत रस्ता इतका मोकळा दिसला, तर पुढे पूल वाहून गेला असणार अशी शंका यावी. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर रस्ता जिल्ह्याचा आणि लाल असेल तर राष्ट्रीय. सायकलवाल्याने पिवळी डोकी धरून चालावं, बाकी फार अक्कल लागत नाही.

एवढे रस्ते आले कुठून आणि त्यांवरची माणसं गेली कुठे, याचा मागोवा घेऊ लागलं की कळतं, ही शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती उरलेली आहे. दुसऱ्यांनी कामासाठी बांधलेलं आणि काम सरल्यावर टाकून दिलेलं असं बरंच काही फ्रान्समध्ये सायकलस्वाराच्या वाट्याला आलं.

सुरुवात 1836च्या कायद्यापासून करावी लागते. गावरस्त्यांची जबाबदारी त्या कायद्याने गावांवर टाकली आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम किंवा त्याऐवजी पैसे घ्यायची मुभा दिली. हेतू साधा होता, शेतातला माल चिखलात न रुतता बाजारात पोचावा. पुढे 1879 मध्ये सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने याने लहानसहान गावांपर्यंत रेल्वेचे फाटे नेण्याची मोठी योजना आखली, कालव्यांच्या जलदारांची मापंही देशभर एकसारखी करायला घेतली. म्हणजे एकाच मुलखात बैलगाडीसाठी रस्ता, आगगाडीसाठी रूळ आणि मालवाहू होडीसाठी कालवा. शंभर वर्षांत यातलं बरंचसं निकामी ठरणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

नेमक्या त्याच काळात सेंत-एतियेन या बंदुका आणि सायकली बनवणाऱ्या धुरकट शहरात पॉल द विव्ही नावाचा रेशमाचा व्यापारी सायकलीच्या नादी लागला. 1887 मध्ये त्याने सायकलवर नियतकालिक काढलं आणि 'व्हेलोसिओ' या नावाने लिहू लागला. शर्यतीसाठी नाही, तर मुलूख बघण्यासाठी सायकल, हा विचार फ्रान्समध्ये रुजवला तो मुख्यतः याने. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, दमून गळाठण्याआधी थांब आणि केवळ फुशारकीपायी पॅडल मारू नकोस, अशा त्याच्या शिकवणी आजही तिथले जुने सायकलस्वार नवख्यांना ऐकवतात. पण त्याचं खरं वेड होतं गिअरचं. शहराबाहेरच्या 1161 मीटर उंचीच्या रेपुब्लिक खिंडीत तो नवनव्या गिअरांची परीक्षा घ्यायचा. 1902 मध्ये तुरिंग क्लब द फ्रान्सने डोंगराळ रस्त्यांवर एक चाचणी घेतली. तीत मार्थ एस ही बाई तीन गिअरच्या सायकलवर सगळे चढ पाय न टेकता चढून गेली. एकाच गिअरवाल्या नामांकित पुरुष स्पर्धकाची तिच्यापुढे डाळ शिजली नाही. यावर आँरी देग्राँज या संपादकाने गिअर म्हणजे वयस्कांची सोय अशी खिल्ली उडवली. हाच गृहस्थ पुढच्या वर्षी तूर द फ्रान्स सुरू करणार होता, आणि त्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, 1937 पर्यंत बंदी राहिली. म्हणजे ज्या सोयीमुळे सामान्य माणूस डोंगर चढू लागला, ती जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या सायकल शर्यतीला पस्तीसएक वर्षं हलकी वाटत होती. मला यात देग्राँजचा पराभव दिसतो. त्याची शर्यत आज टीव्हीवर बघतात, व्हेलोसिओची सायकल लोक चालवतात.

1930 मध्ये सेंत-एतियेनच्या रस्त्यावर ट्रॅमची धडक बसून व्हेलोसिओ गेला.

दरम्यान गावं रिकामी व्हायला लागली होती. त्याचा हिशेब जवळपास प्रत्येक गावच्या चौकात लिहून ठेवलेला आहे. चर्चसमोर किंवा मेरीच्या, म्हणजे गावच्या कचेरीच्या, दाराशी पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक असतं. पाणी भरायला थांबलं की नजर आपसूक तिकडे जाते. वीस-बावीस घरांची वस्ती, आणि दगडावर एकाखाली एक कोरलेली पंधरा नावं. त्यात एकाच आडनावाचे तिघे. खाली दुसऱ्या महायुद्धाची दोन नावं, जागा उरली होती तिथे बसवलेली. फ्रान्सची तेरा-चौदा लाख माणसं 1914 ते 1918 मध्ये मेली आणि त्यांतली फार मोठी संख्या शेतकऱ्यांची होती. सायकलपटूही सुटले नाहीत. लुसियाँ पती-ब्रताँ, फ्राँस्वा फाबेर आणि ऑक्ताव्ह लापिझ हे तूर द फ्रान्सचे तिघे विजेते त्या युद्धात गेले. उरलेल्यांना पुढे कारखान्यांनी आणि शहरांनी ओढून नेलं. रस्ते मात्र तिथेच राहिले.

त्यांवर सायकलींची भरती आली ती 1936 मध्ये. पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीच्या सरकारने कामगारांना पहिल्यांदाच दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. रजा मिळाली, पण मोटार घेण्याची ऐपत कुणाची? मग नवरा-बायको टँडमवर बसले, मागे तंबू बांधला आणि समुद्राची वाट धरली. क्रीडा आणि फावल्या वेळाचं खातं सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांच्या खटपटीने रेल्वेची स्वस्त तिकिटंही निघाली. त्या उन्हाळ्याची छायाचित्रं पाहिली तर त्यांत कुणी खेळाडू दिसत नाही. गिरणीतली, गोदीतली माणसं दिसतात, आणि त्यांच्या तोंडावर आपल्याला कुणी हाकलत नाही याचं नवल. ही भरती टिकली नाही. युद्ध झालं आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत त्याच कामगाराने मोटार घेतली. सायकल मागे पडली, आडमार्गाच्या रेल्वे एकामागून एक बंद झाल्या, महामार्ग झाले, आणि 1972 मध्ये तर सरकारने पन्नास हजार किलोमीटरहून जास्त राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांच्या गळ्यात मारले. लाल डोक्याचे दगड पिवळे झाले.

या टाकून दिलेल्या गोष्टींतून काय उभं राहिलं, ते बघायला बर्गंडीत जावं. जिव्री ते क्लुनी ही बंद रेल्वेची वाट रूळ उखडून, डांबर टाकून 1997 मध्ये सायकलींना खुली झाली. देशातल्या अशा पहिल्या मोठ्या वाटांपैकी ही एक. चढ जवळपास नाहीच, कारण आगगाडीला चढ सोसत नसे. स्टेशनांच्या इमारती जागच्या जागी आहेत, फलाटावर आता बाकडी आणि सायकलींचे स्टँड. क्लुनीच्या पुढे, माकाँच्या दिशेला, ब्वा-क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. बाहेर चाळीस अंश असलं तरी आत अंगावर काटा येतो, जॅकेट हाताशी ठेवावं. हिवाळ्यात मात्र तो बंद असतो. तिथे वटवाघळं झोपतात आणि सायकलस्वाराला डोंगरावरून वळसा घालायला लावतात. वारसाहक्कात आपला नंबर नेमका कितवा, हे त्यावरून कळतं.

आणि क्लुनी स्वतः? इथलं मठाचं चर्च 187 मीटर लांब होतं, रोमचं नवं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं. राज्यक्रांतीनंतर ते लिलावात गेलं. घेणाऱ्यांनी दगडांची खाण म्हणून ते वापरलं, मधोमध रस्ता काढला, आणि पुढे नेपोलियनच्या काळात त्याच आवारात सरकारी घोड्यांची पागा उभी राहिली. आज एक बुरूज आणि आडव्या दालनाचा एक हात तेवढा उभा आहे. पण त्या हाताखाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, आणि गेलेल्या बाकीच्या इमारतीचा अंदाज आपोआप येतो. अखंड वास्तूपेक्षा हे भग्न क्लुनी मला अधिक काही सांगून जातं.

लुआर नदीची गोष्ट वेगळी वाटते, पण मुळात तीच आहे. रेल्वे येण्याआधी ही नदी हाच राजमार्ग होता. वाइन, मीठ, दगड सगळं शिडाच्या सपाट होड्यांतून जायचं. रेल्वेने दोन-तीन दशकांत तो धंदा संपवला. मागे उरले पुराचं पाणी अडवायला बांधलेले लांबच लांब बांध आणि ओस पडलेले घाट. त्याच बांधांवरून आणि घाटांवरून आता सुमारे 900 किलोमीटरची 'लुआर आ व्हेलो' ही सायकलवाट जाते, आणि तिचा बराच भाग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या युरोव्हेलो 6 या वाटेत येतो. शांबोरचा राजवाडा, आंबुआजमध्ये 1519 साली लिओनार्दो दा विंची वारला ते घर, 1491 मध्ये आठव्या चार्ल्सचं लग्न लागलं तो लांजेचा किल्ला, हे सगळं वाटेवर किंवा वाटेच्या जवळ. फाँतव्रोच्या मठात रिचर्ड द लायनहार्ट आणि त्याच्या आईवडिलांच्या मूर्ती समाध्यांवर पहुडलेल्या आहेत, आणि हाच मठ 1804 पासून 1963 पर्यंत तुरुंग होता, हे तिथले फलक थोडं हळू आवाजात सांगतात.

या सगळ्यांत माझी आवड शनोंसो. शेर नदीवर पुलासारखं बांधलेलं दालन. 1940 मध्ये फ्रान्सची फाळणी करणारी सीमारेषा नेमकी या नदीतून गेली, त्यामुळे दालनाचं एक दार जर्मनांच्या ताब्यात, तर दुसरं मोकळ्या मुलखात उघडायचं. पर्यटकांच्या बस उत्तरेकडून येतात. सायकलवाल्याने दक्षिण काठाची पायवाट धरावी. दालनाच्या कमानी पाण्यात अख्ख्या दिसतात, तिकीट नाही, रांग नाही.

खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये लुआरकाठ शांत राहिलेला नाही. वाटेपासून पाच किलोमीटरच्या आत, सायकलींसाठी बंद खोली आणि दुरुस्तीचं साहित्य ठेवणाऱ्या मुक्कामांना 'आक्युई व्हेलो' ही पाटी मिळते आणि ती पाटी आता सगळीकडे दिसते. विजेच्या सायकलींमुळे सत्तरीतली जोडपीही दिवसाला पन्नास किलोमीटर करतात, याचा मला आनंदच आहे. उलट गावचं दुकान, गावचा कॅफे मात्र गेला. 1960 च्या सुमारास देशात दोन लाखांच्या घरात कॅफे होते, आता चाळीस हजारांच्या आत आले. दुपारी बारा ते दोन उरलंसुरलंही बंद. खिशात ब्रेड आणि चीज नसेल तर शांततेने पोट भरत नाही, एवढं जाणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मराठी सायकलस्वारांचा या मुलखाशी संबंध आला तो वेगळ्याच दारातून. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही 1200 किलोमीटरची रपेट 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, पुढे ती हौशी रांदोनरांची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांची, झाली. आता ती दर चार वर्षांनी होते आणि बहुतेकांना 90 तासांची मुदत असते. पुणे, मुंबई, नाशिकच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीतल्या लांब रपेटी, करणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात 'पीबीपी' असं येतं ते हेच. या रपेटीत ब्रिटनीच्या खेड्यांतले लोक रात्री दोन वाजताही दाराशी टेबल टाकून कॉफी आणि क्रेप देतात, पैसे घेत नाहीत. गंमत अशी की फूजेरचा युरोपातला एक अव्वल मध्ययुगीन किल्ला मार्गावरच आहे, आणि तिथून जाणाऱ्या बऱ्याच जणांना तो आठवतही नाही. ते झोपेत पॅडल मारत असतात. व्हेलोसिओने यावर नाक मुरडलं असतं की टोपी काढली असती, यावर ब्रेव्हेवाल्यांत दोन तट पडतील. स्वतः तो दिवस-रात्र सायकल हाकायचा, त्यामुळे दोन्ही तट त्याचंच नाव घेतील.

पुढची पीबीपी 2027 मध्ये. तिच्यासाठी त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरची ब्रेव्हे पुरी करावी लागतात. जे जाणार आहेत त्यांनी परतीचं तिकीट आठवडाभर पुढे ढकलावं, आणि फूजेरला दिवसाउजेडी पुन्हा जाऊन यावं.